मुद्रणदोष आणि छपाई-रद्दी

मुद्रणदोष आणि छपाई-रद्दी या छापील वस्तूंच्या संग्रहशास्त्रातील दोन भिन्न संज्ञा आहेत. टपाल तिकिटे, सिगारेटच्या पाकिटातील चित्रकार्डे, खेळाडूंची कार्डे, काडेपेटीवरील चित्रे, शिळाछाप चित्रे आणि चलनी नोटा यांच्या संग्रहात त्यांचा वापर होतो. छपाईत चूक झालेली, पण तपासणीतून निसटून नेहमीच्या मार्गाने ग्राहकाच्या हाती गेलेली प्रत म्हणजे मुद्रणदोष. छापखान्यातच बाद ठरलेला किंवा मुळात विक्रीसाठी नसलेला, आणि नंतर अन्य मार्गाने बाहेर आलेला छापील कागद म्हणजे छपाई-रद्दी. उलटे चित्र, गाळलेला रंग किंवा कोरी मागील बाजू अशा चुका दोन्हींत अगदी सारख्या दिसू शकतात. म्हणून हा भेद केवळ चूक पाहून ठरत नाही. तो कागद छापखान्यातून कोणत्या वाटेने बाहेर पडला, हे पाहून ठरतो.

खरा मुद्रणदोष दुर्मीळ असल्यामुळे त्याची किंमत मूळ वस्तूच्या कितीतरी पट होऊ शकते. याच कारणाने रद्दीचे कागद मुद्रणदोष म्हणून विकण्याचे प्रकार घडतात. सुरक्षा मुद्रणालयातील रद्दी बाहेर आली असेल, तर तो चोरीचा माल असण्याचीही शक्यता असते. त्यामुळे या भेदाला आर्थिक, कायदेशीर आणि ऐतिहासिक असे तिहेरी महत्त्व आहे.

संज्ञा आणि वर्गीकरण

मराठी लेखन-संपादनाच्या व्यवहारात अक्षरजुळणीतील चुकीला विनोदाने ‘मुद्राराक्षस’ म्हटले जाते. विशाखदत्ताच्या संस्कृत नाटकाचे हे नाव मराठीत छापखान्यातील अदृश्य खोडकर राक्षसाला मिळाले. संग्रहशास्त्रातील मुद्रणदोषाची व्याप्ती मात्र याहून मोठी आहे. त्यात मजकुराबरोबरच चित्र, रंग, कागद, छिद्रण, डिंक आणि कटाई यांतील चुकाही येतात.

अशा वस्तूंचे सामान्यतः पुढीलप्रमाणे वर्गीकरण केले जाते.

आराखड्यातील चूक : मूळ चित्रातच चूक असते आणि छापलेल्या प्रत्येक प्रतीवर ती दिसते. स्वतंत्र भारताच्या १५ ऑगस्ट १९४९ रोजी निघालेल्या पुरातत्त्व मालिकेतील एक आण्याच्या तिकिटावर बोधिसत्त्वाची मूर्ती डावी-उजवी उलटून छापली गेली, त्यामुळे उजव्याऐवजी डावा हात पुढे आलेला दिसतो. १९५० मध्ये दुरुस्त तिकीट काढण्यात आले. चुकीचे तिकीट रीतसर विकले गेले असल्याने ते रद्दी ठरत नाही. त्याच्या प्रती विपुल असल्याने ते फारसे दुर्मीळही नाही.

पट्टीवरील उपजात : छपाईच्या पट्टीवर किंवा शिळेवर एका विशिष्ट जागी झीज, ओरखडा किंवा दुरुस्ती असते. त्यामुळे प्रत्येक तावाच्या त्याच जागी तोच दोष पुन्हा पुन्हा उमटतो. भारताच्या १९२९ च्या हवाई टपाल तिकिटांमधील झाडाचा शेंडा नसलेली उपजात हे याचे परिचित उदाहरण आहे.

मुद्रणदोष : छपाईची एखादी क्रिया पूर्णपणे चुकते किंवा राहून जाते आणि तरीही प्रत विक्रीला जाते. उलटे चित्र, पूर्ण गाळलेला रंग, चुकीचा रंग किंवा चुकीचा कागद हे याचे प्रमुख प्रकार आहेत.

आकस्मिक विकृती : रंग थोडा सरकणे, शाईचा डाग पडणे, कागदाला घडी पडून मधे पांढरी रेघ राहणे, छिद्रांची ओळ तिरकी जाणे यांसारख्या गोष्टी. अशी प्रत्येक प्रत वेगळी असते. तिचे मूल्य खऱ्या मुद्रणदोषापेक्षा बहुधा कमी धरले जाते.

चाचणी-प्रत : रंग, रेषा किंवा पट्टी तपासण्यासाठी मुद्दाम काढलेली प्रत. ती चूक नसते आणि विक्रीसाठीही नसते.

छपाई-रद्दी : यंत्र जुळवताना वापरलेले, तपासणीत बाद झालेले किंवा कटाईनंतर उरलेले कागद.

पहिल्या चार प्रकारांतील वस्तू विक्रीच्या मार्गाने बाहेर येते, शेवटच्या दोन प्रकारांतील येत नाही. वर्गीकरणाची मुख्य रेषा येथे पडते.

रद्दी कशी निर्माण होते

कोणत्याही छापखान्यात काम सुरू होताच चांगली प्रत निघत नाही. शाईचे प्रमाण, दाब, कागदाची पकड आणि रंगांची जुळणी साधेपर्यंत बरेच ताव वाया जातात. शिळाछपाईत आणि ऑफसेटमध्ये शाई व पाणी यांचा तोल साधावा लागतो, म्हणून आरंभीच्या प्रती फिकट किंवा डागाळलेल्या येतात. यंत्र जुळवण्याच्या या कामाला छापखान्यांत मेक-रेडी म्हणतात. कोरा कागद वाचवण्यासाठी त्याकरिता पूर्वीचे वाया गेलेले तावच पुन्हा यंत्रावर चढवले जातात. त्यामुळे एकाच तावावर दोन-तीन निरनिराळ्या कामांचे ठसे एकावर एक उमटतात, किंवा एका कामाच्या मागे दुसऱ्याच कामाचा मजकूर येतो.

बहुरंगी छपाईत प्रत्येक रंगासाठी ताव यंत्रातून पुन्हा न्यावा लागत असे. दोन फेऱ्यांच्या मधे ताव उलटा ठेवला गेला, तर एक रंग सरळ आणि दुसरा उलटा छापला जातो. दोन ताव एकमेकांना चिकटून गेले, तर वरच्यावर छाप येते आणि खालचा त्या रंगाविना राहतो. छपाई संपल्यावर ताव मोजले जातात, तपासले जातात आणि बाद ताव वेगळे काढले जातात. त्यानंतर छिद्रण, कटाई आणि गठ्ठे बांधणे ही कामे होतात.

सामान्य छापखान्यात बाद ताव रद्दीवाल्याला वजनावर विकले जातात किंवा पुड्या आणि पुस्तकांची अस्तरे यांसाठी वापरले जातात. जुन्या पुस्तकांच्या पुठ्ठ्यांत आणि पाठीत छापील ताव सापडतात ते यामुळेच. सुरक्षा मुद्रणालयात मात्र प्रत्येक तावाचा हिशेब ठेवला जातो आणि बाद ताव नष्ट केले जातात. एकाच प्रकारची रद्दी सामान्य छापखान्याची असेल तर ती निरुपद्रवी जुना कागद ठरते. सुरक्षा मुद्रणालयाची असेल तर ती बाहेर कशी आली, हा गंभीर प्रश्न ठरतो.

ऐतिहासिक उदाहरणे

भारतातील सर्वात प्रसिद्ध मुद्रणदोष १८५४ च्या चार आणे किमतीच्या तिकिटावर आहे. हे तिकीट कोलकाता येथील सर्व्हेअर जनरलच्या कार्यालयात कॅप्टन थ्युलिए यांच्या देखरेखीखाली शिळाछपाईने तयार झाले. लाल चौकट आणि निळ्या रंगातील राणी व्हिक्टोरियाचे मस्तक असे त्याचे दोन रंग दोन फेऱ्यांत छापले जात. एका फेरीत ताव उलटा लागल्याने काही तिकिटांवर चौकटीच्या मानाने मस्तक उलटे आले. या तिकिटाच्या टपालशिक्का बसलेल्या प्रती ज्ञात आहेत, काही तर पाकिटावर चिकटलेल्याच आहेत. तिकीट टपाल कार्यालयातून विकले गेले आणि पत्रावर वापरले गेले, याचा पुरावा त्या शिक्क्यातच आहे. त्यामुळे हा खरा मुद्रणदोष मानला जातो.

अमेरिकेतील १९१८ चे २४ सेंटचे हवाई टपाल तिकीट हा भेद आणखी स्पष्ट करते. त्यावरील विमान काही तावांवर उलटे छापले गेले. १४ मे १९१८ रोजी वॉशिंग्टन येथील टपाल कार्यालयाच्या खिडकीवर अशा १०० तिकिटांचा एक ताव एका संग्राहकाला नेहमीच्या किमतीत विकला गेला. तशीच चूक असलेले अन्य ताव विक्रीपूर्वीच सापडले आणि नष्ट करण्यात आले. एकाच यंत्रावरील एकाच चुकीचे काही ताव रद्दी ठरले आणि एक ताव जगप्रसिद्ध मुद्रणदोष ठरला. दोहोंतील फरक केवळ विक्रीच्या खिडकीचा होता.

याच देशात १९९५ मध्ये निघालेल्या रिचर्ड निक्सन यांच्या ३२ सेंटच्या तिकिटाची गोष्ट उलट दिशेने घडली. निक्सन यांचे नाव उलटे छापलेली तिकिटे बाजारात आली आणि १९९६ मध्ये त्यांपैकी एकाचा मोठ्या किमतीला लिलावही झाला. ही तिकिटे टपाल कार्यालयात विकली गेली नव्हती. छापखान्यातील एका कर्मचाऱ्याने बाद कागद बाहेर नेल्याचे पुढे तपासात उघड झाले आणि ‘मुद्रणदोष’ एका रात्रीत चोरीची रद्दी ठरला. तिकिटावरील चूक तीच राहिली, दर्जा मात्र बदलला.

चित्रकार्डांच्या क्षेत्रात अमेरिकन टोबॅको कंपनीने १९०९ ते १९११ या काळात सिगारेटच्या पाकिटांतून दिलेली बेसबॉलपटूंची कार्डे या अभ्यासाचा आधार मानली जातात. संग्राहक त्यांना टी२०६ या क्रमांकाने ओळखतात. त्यांचा नेहमीचा आकार सुमारे ३.६५ × ६.६७ सेंटिमीटर आहे आणि मागील बाजूस सिगारेटच्या ब्रँडची जाहिरात असते. शेरी मॅगी या खेळाडूच्या आडनावाची अक्षरे चुकलेली कार्डे पाकिटांतून ग्राहकांपर्यंत गेली आणि नंतर चूक सुधारली गेली. ती खरी दोषकार्डे होत. याउलट रंग अर्धवट असलेली, मागील बाजू दुहेरी किंवा उलटी छापलेली आणि कडा कात्रीने वाकड्यातिकड्या कापलेली कार्डे छापखान्यातील बाद तावांमधून कापून काढलेली मानली जातात. त्यांनाही मागणी आहे, पण ती ‘छापखान्यातील तुकडे’ या स्वतंत्र नावाने विकली जावीत, असा जाणकारांचा संकेत आहे.

महाराष्ट्रातील संदर्भ

या विषयाशी महाराष्ट्राचा सर्वात निकटचा संबंध नाशिक रोड येथील मुद्रणालयांमुळे येतो. भारतीय तिकिटे १८५५ पासून प्रामुख्याने लंडनच्या डी ला रू या कंपनीत छापली जात. नाशिक येथील इंडिया सिक्युरिटी प्रेस १९२५ मध्ये सुरू झाल्यानंतर हे काम भारतात आले. १९३१ ची नवी दिल्ली उद्‌घाटन मालिका येथेच छापली गेली. १ ऑक्टोबर १९५२ रोजी निघालेल्या संत व कवी मालिकेपासून येथे फोटोग्राव्ह्यूर पद्धतीची तिकिटे तयार होऊ लागली. कबीर, तुलसीदास, मीरा, सूरदास, गालिब आणि रवींद्रनाथ ठाकूर ही सहा व्यक्तिमत्त्वे त्या मालिकेत आहेत. छपाईची पद्धत बदलली की चुकांचे स्वरूपही बदलते. शिळाछपाईत शिळेवरची झीज दिसते, तर फोटोग्राव्ह्यूरमध्ये सिलिंडरवरील ओरखड्याची बारीक रेघ किंवा जादा शाई पुसणाऱ्या पात्याने सोडलेला पट्टा दिसतो. संग्राहकाला तिकीट कोणत्या पद्धतीने छापले आहे, हे आधी ठाऊक असावे लागते.

नाशिक रोडचेच करन्सी नोट प्रेस १९२८ पासून कार्यरत आहे. नोटांच्या छपाईतील रद्दीचा हिशेब सामान्य माणसाला दिसेल अशा रीतीने ठेवण्याची एक पद्धत भारतीय रिझर्व्ह बँकेने २००६ मध्ये १०, २० व ५० रुपयांच्या नोटांसाठी सुरू केली. छपाईत खराब झालेल्या नोटेच्या जागी तारांकित क्रमांकाची नोट घातली जाते. क्रमांकाचा उपसर्ग आणि अंक यांच्यामध्ये तारा असतो. तारांकित नोट ही पूर्णपणे वैध चलनी नोट आहे. तिच्यावर कोणताही दोष नसतो, उलट नष्ट केलेल्या दोषी नोटेची ती बदली असते. ही बाब न कळल्याने काही वेळा तारांकित नोटच ‘चुकीची नोट’ म्हणून विकायला ठेवलेली दिसते.

शिळाछाप चित्रांच्या क्षेत्रात पुण्याची १८७८ मध्ये स्थापन झालेली चित्रशाळा आणि राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत सुरू केलेला छापखाना यांचे स्थान मोठे आहे. रविवर्मा यांचा छापखाना पुढे लोणावळ्याजवळ मळवली येथे हलवण्यात आला आणि नंतर फ्रिट्झ श्लायखर या जर्मन तंत्रज्ञाकडे गेला. दादासाहेब फाळके यांनीही चित्रपटांकडे वळण्यापूर्वी या छापखान्यासाठी काम केले होते. या चित्रांत प्रत्येक रंगछटेसाठी स्वतंत्र शिळा लागत असे. काम चालू असताना रंगांच्या टप्प्यांनुसार प्रती काढून जुळणी तपासली जात असे. लक्ष्मी किंवा सरस्वतीच्या चित्राची काही रंग नसलेली प्रत समोर आली, तर ती चाचणी-प्रत, बाद ताव, वर्षानुवर्षे उन्हात राहून विटलेली चांगली प्रत, किंवा दोष असूनही विकली गेलेली प्रत यांपैकी काहीही असू शकते. देवघरात चौकटीत लावलेल्या प्रतीच्या बाबतीत विटण्याची शक्यता आधी तपासावी लागते.

सावंतवाडीचे गंजिफे हे या संदर्भात एक उपयुक्त अपवाद आहेत. हे गोल पत्ते हाताने रंगवले जातात. एखाद्या पानावर आकृती किंवा रंग वेगळा असला, तर तो कारागिराच्या हाताचा फरक असतो. तेथे मुद्रणदोष ही संज्ञा लागू होत नाही.

अहिल्यानगर जिल्हा

अहिल्यानगर (२०२४ पर्यंत अहमदनगर) जिल्ह्याशी संबंधित व्यक्ती आणि स्थळे यांवरील तिकिटे हा जिल्ह्यातील संग्राहकांना सहज हाती घेता येणारा विषय आहे. पारनेरचे सेनापती बापट यांच्यावरील १९७७ चे, चौंडी येथे जन्मलेल्या अहिल्यादेवी होळकर यांच्यावरील १९९६ चे, नेवासे येथे ज्ञानेश्वरी सांगणाऱ्या संत ज्ञानेश्वरांवरील १९९७ चे आणि शिर्डीच्या साईबाबांवरील २००८ चे तिकीट ही त्यांतील काही प्रमुख तिकिटे होत. अशा स्मारक तिकिटांच्या चांगल्या प्रती स्वस्तात मिळतात. त्यामुळे नवा अभ्यासक चांगल्या प्रतीचा रंग, कागद आणि छिद्रे नीट पाहून ठेवू शकतो. संशयास्पद प्रत ओळखण्यासाठी तुलनेला हातात चांगली प्रत असणे हे पहिले साधन आहे.

मूळ पाकिटाचे महत्त्व समजण्यासही या जिल्ह्याचा इतिहास उपयोगी आहे. अहमदनगर येथे बोअर युद्धातील कैदी आणि पहिल्या महायुद्धात जर्मन व अन्य शत्रुदेशीय नागरिक ठेवण्यात आले होते. छावणीतून गेलेल्या पत्रांवर टपालशिक्का, तपासणीचा शिक्का आणि पत्ता असे सर्व काही एकत्र मिळते. पाकिटावरून तिकीट सुटे केले की त्याचा हा प्रवास पुसला जातो. मुद्रणदोषाचेही तसेच आहे. दोष असलेले तिकीट पाकिटावरच राहिले, तर ते खरोखर विकले व वापरले गेल्याचा पुरावा टिकतो.

ओळखण्याच्या कसोट्या

कोणतीही एक कसोटी निर्णायक नसते. पुढील बाबी एकत्र पाहाव्या लागतात.

कडा आणि आकार : कारखान्यातील कटाई यंत्राने होते. त्यामुळे कटाई चुकलेल्या खऱ्या कार्डाच्याही कडा सरळ आणि समोरासमोरच्या बाजू समांतर असतात, चित्र मात्र एका बाजूला सरकलेले असते. हाताने कापलेल्या तुकड्याच्या कडा नागमोडी असतात, कोन काटकोनात नसतात आणि भोवतीचा कागद कधी जास्त, कधी कमी असतो. हाताची कटाई ही रद्दीची ठळक खूण आहे. अर्थात ग्राहकानेच घरी अखंड ताव कापला असेल, अशीही शक्यता असते. काडेपेटीच्या चित्रांचे न कापलेले ताव बाजारात मिळत असल्याने तेथे ही शक्यता विशेष लक्षात घ्यावी.

शेवटच्या क्रिया : छिद्रण, डिंक, क्रमांक आणि कटाई या क्रिया तपासणीच्या आसपास किंवा त्यानंतर होतात. दोष असलेल्या तिकिटावर डिंक आणि छिद्रे व्यवस्थित असतील, तर ते अखेरपर्यंत पुढे गेले असण्याची शक्यता वाढते. डिंक नाही, छिद्रे नाहीत आणि रंगही अपुरा, असे असेल तर तो कागद मध्येच बाजूला काढलेला असावा. यालाही अपवाद आहेत. आरंभीच्या काळातील तिकिटांना मुळातच छिद्रे नव्हती, आणि वापरलेल्या तिकिटाचा डिंक पाण्यात धुऊन गेलेला असतो.

मागील बाजू : एकाच बाजूवर अनेक ठसे, दुसऱ्याच उत्पादनाची जाहिरात किंवा असंबद्ध मजकूर दिसल्यास ताव यंत्र-जुळणीसाठी पुन्हा वापरलेला असण्याची शक्यता मोठी असते. मागे पुढच्याच चित्राची उलटी, फिकट छाप असेल, तर ओल्या तावावर दुसरा ताव ठेवल्याने ती उमटलेली असू शकते. ही आकस्मिक विकृती असून विक्रीतूनही बाहेर येते.

कागद आणि जलचिन्ह : चाचणीसाठी अनेकदा हलका किंवा वेगळा कागद वापरला जातो. जलचिन्ह अपेक्षित असताना ते नसेल, तर प्रत विक्रीसाठी नसण्याची शंका घ्यावी.

गाळलेला रंग : पूर्ण गाळलेला रंग आणि विटलेला रंग यांत भिंगाखाली फरक दिसतो. रंग विटला असेल तर त्याचे पुसट ठिपके कोठेतरी, विशेषतः चौकटीखाली झाकल्या गेलेल्या कडेला, शिल्लक राहतात. रसायनाने रंग काढला असेल तर कागदाचा पोत आणि चमक बदलते. अतिनील दिव्याखाली तो भाग वेगळा दिसतो. एखादा रंग थोडासाही शिल्लक असेल, तर ‘रंग गाळला आहे’ असे म्हणता येत नाही.

छपाईची पद्धत : शिळाछाप चित्रात रंगाचे अनियमित कण किंवा हाताने दिलेले ठिपके दिसतात. आधुनिक ऑफसेटमध्ये निळा, किरमिजी, पिवळा आणि काळा या चार रंगांचे ठिपके फुलाच्या आकारात नियमितपणे मांडलेले असतात. शंभर वर्षांपूर्वीच्या म्हणून दाखवलेल्या कार्डावर अशी नियमित मांडणी असेल, तर ते कार्ड मुद्रणदोषही नाही आणि जुनी रद्दीही नाही. ती अलीकडची नक्कल आहे.

पुनरावृत्ती : तोच दोष तावाच्या त्याच जागी अनेक प्रतींवर असेल, तर तो पट्टीवरचा दोष असतो. दोष एकदाच दिसत असेल तर तो आकस्मिक असतो. आणि एकाच वेळी, एकाच विक्रेत्याकडे, छपाईच्या वेगवेगळ्या टप्प्यांवरील अनेक चुकीच्या प्रती आल्या, तर छापखान्यातून रद्दी बाहेर पडल्याचा संशय सर्वाधिक असतो. खरे मुद्रणदोष असे झुंडीने येत नाहीत.

मार्गाचा पुरावा : टपालशिक्का, मूळ पाकीट, तावाची खरेदी-पावती, न उघडलेले पाकीट किंवा जुन्या संग्रहातील नोंद यांचे मूल्य सर्वात मोठे असते. शिक्काही बनावट असू शकतो, म्हणून त्यावरील तारीख आणि गाव तिकिटाच्या काळाशी जुळतात का, हे पाहावे लागते. महाग वस्तूंसाठी तज्ज्ञ समितीचे प्रमाणपत्र घेण्याची प्रथा आहे.

मूल्य आणि कायदेशीर बाजू

मुद्रणदोषाचे मूल्य तीन गोष्टींवर अवलंबून असते : दोष किती ठळक आहे, ज्ञात प्रती किती आहेत आणि प्रत विक्रीतून आल्याचा पुरावा किती पक्का आहे. तिसरी गोष्ट नसेल तर पहिल्या दोन गोष्टींना अर्थ उरत नाही, कारण रद्दीत कितीही ठळक आणि एकमेव चुका सापडू शकतात. छापखान्यातील कोणीही बाद तावांच्या ढिगातून हव्या तेवढ्या ‘दुर्मीळ’ प्रती कापून काढू शकतो.

सामान्य व्यापारी छापखान्याची जुनी रद्दी बाळगण्यात वा विकण्यात गैर काही नाही, मात्र तिचे वर्णन खरे असले पाहिजे. तिकिटे, मुद्रांक आणि नोटा यांच्या बाबतीत स्थिती वेगळी आहे. सुरक्षा मुद्रणालयातील बाद कागद सरकारी मालमत्ता असते आणि तो परवानगीशिवाय बाहेर नेणे चोरी ठरते. चोरीचा माल आहे हे माहीत असताना तो स्वीकारणे किंवा जवळ ठेवणे हा भारतीय न्याय संहितेनुसार गुन्हा आहे. म्हणून छिद्रे नसलेले आधुनिक तिकीट किंवा अर्धवट छापलेली नोट विकत घेण्यापूर्वी ती कोठून आली, हे विचारणे ही केवळ संग्राहकाची चौकसपणाची सवय नसून आवश्यक खबरदारी आहे.

अभ्यासातील उपयोग

रद्दी कमी किमतीची असली तरी अभ्यासाच्या दृष्टीने निरुपयोगी नसते. चांगल्या प्रतीवर सर्व रंग एकमेकांत मिसळलेले असतात. बाद तावावर मात्र कोणता रंग आधी आणि कोणता नंतर छापला, एका तावावर किती चित्रे होती, कोणती कामे एकाच छापखान्यात शेजारी शेजारी चालू होती, हे उलगडते. टी२०६ कार्डांच्या तावांची मांडणी शोधताना अशा तुकड्यांचा आधार घेतला जातो. ज्या छापखान्यांची दप्तरे किंवा शिळा उरलेल्या नाहीत, त्यांच्या कामाच्या पद्धतीचा माग अशा कागदांवरूनच काढावा लागतो.

यासाठी प्रत्येक वस्तूबरोबर नोंद ठेवणे आवश्यक असते. वस्तू कोठे, केव्हा आणि कोणत्या स्वरूपात मिळाली, ती तावातून कापलेली होती की पाकिटातून निघाली, तिचे नेमके माप किती, मागील बाजू कशी आहे आणि दुरुस्ती झाली आहे का, या बाबी लिहून ठेवल्यास पुढच्या अभ्यासकाला निर्णय करता येतो. पुरावा अपुरा असेल तेव्हा ‘मुद्रणदोष’ असे न लिहिता ‘विक्रीचा पुरावा नसलेली सदोष प्रत’ अशी नोंद करावी. नंतर पुरावा मिळाल्यास अशी नोंद सुधारता येते. वाढवून लिहिलेली नोंद मात्र एका संग्रहातून दुसऱ्या संग्रहात जाताना हळूहळू वस्तुस्थिती मानली जाऊ लागते.